रात्री पाठ टेकताच येणारा खोकला: कोणत्या कारणाला कोणता उपाय

दिवसभर फारसा त्रास न देणारा खोकला अंथरुणावर आडवे होताच उसळतो, तेव्हा बहुतेकांचा हात आधी औषधाच्या बाटलीकडे जातो. माझ्या मते बाटली उघडण्यापूर्वी दोन गोष्टी पाहणे अधिक उपयोगाचे आहे: आडवे झाल्यावर खोकला किती वेळाने सुरू होतो, आणि त्याच्या जोडीला आणखी काय जाणवते. एका कारणावर गुणकारी ठरणारा उपाय दुसऱ्या कारणात निरुपयोगी, आणि क्वचित घातकही ठरतो.

रात्रच त्रासाची का, याचे उत्तर शरीराच्या रचनेत आहे. आडवे झाल्यावर नाकामागचा स्राव घशात ओघळतो, जठरातील आम्लाला अन्ननलिकेत वर सरकणे सोपे जाते, आणि झोपेत गिळण्याची क्रिया मंदावल्यामुळे ते तेथेच रेंगाळते. शिवाय मध्यरात्रीच्या सुमारास शरीरातील कॉर्टिसोल या संप्रेरकाची पातळी सर्वांत खाली गेलेली असते, त्यामुळे श्वासनलिकांची सूज आवरणारा नैसर्गिक आधारही क्षीण होतो.

नाक की जठर?

या दोन्ही कारणांचा खोकला आडवे झाल्यानंतर थोड्याच वेळात सुरू होतो, म्हणून गल्लत येथेच सर्वाधिक होते. नाक चोंदलेले असणे, घशामागे चिकट काहीतरी उतरल्यासारखे वाटणे आणि पुन्हा पुन्हा घसा खाकरावासा वाटणे, ही नाकाकडे बोट दाखवणारी लक्षणे आहेत. याउलट तोंडात आंबट पाणी येणे, छातीत जळजळ होणे, सकाळी उठल्यावर आवाज बसलेला असणे आणि उशिरा किंवा पोटभर जेवलेल्या रात्री त्रास वाढणे, ही आम्लाची चिन्हे होत. शंका राहिल्यास काही दिवस रात्रीचे जेवण झोपेच्या तीन तास आधी उरकून पाहावे. खोकला त्यानेच कमी झाला, तर संशय जठरावर ठेवण्यास चांगला आधार मिळतो.

नाकाचा त्रास असेल तर मिठाच्या पाण्याने नाक धुणे हा सर्वांत निरुपद्रवी उपाय आहे. आराम लगेच मिळतो, पण फार काळ टिकत नाही. त्यासाठी नळाचे पाणी थेट कधीही वापरू नये, उकळून थंड केलेले किंवा डिस्टिल्ड पाणीच घ्यावे. ॲलर्जीमुळे नाक वाहत असल्यास डॉक्टरांच्या सल्ल्याने घेतलेला स्टेरॉइडचा नाकातील स्प्रे अधिक मुळाशी जाऊन काम करतो, मात्र तो रोज वापरावा लागतो आणि पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागू शकतात. नाक झटकन मोकळे करणारे झायलोमेटॅझोलिनसारखे थेंब काही मिनिटांत गुण देतात, पण ते तीन ते पाच दिवसांपेक्षा जास्त वापरल्यास नाक पूर्वीपेक्षा अधिक चोंदू लागते. झोप आणणाऱ्या जुन्या अँटिहिस्टामिन (ॲलर्जीविरोधी) गोळ्या स्राव सुकवतात, परंतु दुसऱ्या दिवशीची सुस्ती, आणि वयस्कर माणसांत लघवी अडकण्याचा किंवा तोल जाण्याचा धोका पाहता मी त्यांना बराच खालचा क्रम देईन.

आम्लाचा त्रास असेल तर उशांवर उशा रचणे हा सर्वांत लोकप्रिय, पण कच्चा उपाय आहे. मान आणि कंबर वाकते, पोटावर दाब येतो आणि आम्ल उलट वर ढकलले जाते. पलंगाच्या डोक्याकडील पायांखाली १५ ते २० सेंटिमीटर उंचीचे ठोकळे ठेवणे किंवा पाठीपासून आधार देणारी उतरती उशी वापरणे हेच योग्य. डाव्या कुशीवर झोपल्यानेही फरक पडतो. आम्ल शमवणारे अँटासिड त्या रात्रीपुरते काम करते. आम्ल कमी करणाऱ्या ओमेप्राझोलसारख्या गोळ्यांचा खोकल्यावरील परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि छातीत जळजळ मुळीच नसताना केवळ खोकल्यासाठी त्या घेण्याचा फारसा लाभ होत नाही.

सर्दीनंतर उरलेला खोकला की दमा?

सर्दी बरी झाल्यावर मागे राहिलेला कोरडा खोकला तीन ते आठ आठवडे रेंगाळू शकतो, पण तो हळूहळू उतरणीला लागलेला असतो. दम्याचा खोकला मात्र अनेकदा पहाटे दोन ते चारच्या दरम्यान झोपेतून उठवतो, थंड हवेने, हसण्याने किंवा धावण्याने चाळवतो, आणि छाती आवळल्यासारखी वाटते. घरघर ऐकू आलीच पाहिजे असे नाही. काही जणांत खोकला हेच दम्याचे एकमेव लक्षण असते. येथे खोकला दाबणारे औषध घेत राहणे म्हणजे आवश्यक उपचार लांबवणे होय. श्वासाची चाचणी करून घ्यावी आणि सूज कमी करणारा इनहेलर सुचवला गेला तर तो नियमित घ्यावा.

मध की खोकल्याचे सिरप?

सर्दीच्या खोकल्यापुरते बोलायचे तर माझा कौल मधाला आहे. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २ ते १८ वर्षांच्या १०५ मुलांवरील अभ्यासात झोपण्यापूर्वी दिलेला मध काहीच न देण्यापेक्षा सरस ठरला, तर खोकला दाबणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन तसे ठरले नाही. एक वर्षाखालील बाळाला मात्र मध मुळीच देऊ नये, कारण त्यातून बोट्युलिझम हा गंभीर आजार होऊ शकतो. सिरपचे तोटे अधिक आहेत: काही नैराश्यविरोधी औषधांबरोबर डेक्स्ट्रोमेथॉर्फन धोकादायक ठरते, आणि खोकला दाबणाऱ्याच कोडीन या दुसऱ्या औषधामुळे मुलांचा श्वास मंदावू शकतो. भरपूर बेडका पडत असताना खोकला दाबणेही योग्य नव्हे. कफ सुटा करणारे आणि खोकला दाबणारे घटक एकाच बाटलीत असतील, तर ती बाजूला ठेवावी.

खोलीतील हवा फार कोरडी असल्यास हवेत ओलावा सोडणाऱ्या ह्युमिडिफायरने घशाला बरे वाटते, पण आर्द्रता ५० टक्क्यांच्या पुढे गेली की धुळीतील किडे आणि बुरशी फोफावतात. यंत्र रोज स्वच्छ करणे जमणार नसेल तर ते न घेतलेलेच बरे. लहान मुलांना गरम पाण्याची वाफ देणे भाजण्याच्या धोक्यामुळे टाळावे.

जेथे निवड आपली नसते

रक्तदाबासाठी एनालाप्रिल, रामिप्रिल किंवा लिसिनोप्रिल घेणाऱ्यांना कोरडा खोकला लागू शकतो. औषध आपल्या मनाने थांबवू नये. डॉक्टरांनी ते बदलल्यावर खोकला बहुधा एक ते चार आठवड्यांत जातो, क्वचित तीन महिनेही लागतात. आडवे होताच धाप लागणे, झोपल्यावर तास-दोन तासांनी गुदमरून उठणे आणि पायांवर सूज येणे ही हृदयाच्या दुर्बलतेची लक्षणे असू शकतात. येथे घरगुती प्रयोगांना जागा नाही.

खोकला तीन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला, बेडक्यात रक्त दिसले, वजन घटू लागले किंवा ताप आणि रात्रीचा घाम चालू राहिला, तर क्षयरोगासह इतर कारणांची तपासणी करून घ्यावी. मुलाला एकामागून एक उबळ येऊन शेवटी आवाज करत श्वास घ्यावा लागत असेल, तर डांग्या खोकल्याची शंका धरून त्याला लवकर डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना बरगड्या आत ओढल्या जात असतील, ओठ निळसर दिसत असतील किंवा तान्ह्या बाळाचा श्वास मध्येच थांबत असेल, तर सकाळ होण्याची वाट न पाहता त्याच वेळी रुग्णालय गाठावे.