चांदबीबीवरची कादंबरी : आठ महिन्यांनंतर

ऑक्टोबरात जळगावहून आणली होती, आता जून लागलाय. एकदा मनात वाचली आणि एकदा सासूबाईंना पहिल्यापासून शेवटपर्यंत मोठ्यानं वाचून दाखवली. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, बारीक टाइप दिसत नाही. पहिल्या वाचनानंतर लगेच लिहायला बसले असते तर फक्त नगरच्या किल्ल्याबद्दल लिहिलं असतं, आणि ते अर्धवट ठरलं असतं.

शाळेपासून आपल्या डोळ्यांसमोर चांदबीबी एकाच रूपात असते: चेहऱ्यावर बुरखा, हातात तलवार, मागं खिंडार पडलेली भिंत. सहलीत नगरजवळच्या डोंगरावरचा 'चांदबीबीचा महाल' बघून येतो. ती खरं तर निजामशाहीतल्या सलाबतखान या सरदाराची कबर आहे, हे मला फार उशिरा कळलं. कादंबरीत १५९५-९६ चा वेढा आहेच आणि तो जोरदार उतरलाय. अकबराचा मुलगा शहजादा मुराद आणि मोगल सेनापती खानखानान बाहेर, तटाखाली सुरुंग पेरलेले, काही आतल्या लोकांनी शोधून निकामी केलेले, एक मात्र उडतो. पळू लागलेले लोक तिला खिंडारात उभी बघून माघारी फिरतात, आणि रातोरात ती भिंत उभी करून घेते. ही पानं मी एका रात्रीत संपवली. तोफगोळे संपल्यावर सोन्याचांदीची नाणी डागल्याची गोष्टही आहे. मला ती दंतकथाच वाटते, पण लेखकानं ती एका म्हाताऱ्या गोलंदाजाच्या तोंडी घातलीय, त्यामुळे खटकत नाही.

मोठ्यानं वाचायला लागले आणि पुस्तकाचा खरा जीव विजापूरच्या भागात आहे हे लक्षात आलं. १५८० मध्ये तिच्या नवऱ्याचा, विजापूरचा सुलतान अली आदिलशहाचा खून होतो. गादीवर त्याचा नऊ वर्षांचा पुतण्या इब्राहिम. चांदबीबीला स्वतःचं मूल नाही, हा तिचा पोटचा नाही, पण सांभाळायचा तिनंच. आधी कामिलखान हा सरदार कारभार बळकावतो. त्याला काढायला ती किश्वरखानाला जवळ करते, आणि तोच तिला कैद करून साताऱ्याच्या किल्ल्यावर पाठवतो. ज्याच्या हातानं काटा काढावा त्याचाच काटा होतो, आणि हे तिच्या आयुष्यात पुन्हापुन्हा घडतं.

साताऱ्याचं प्रकरण फक्त तीस-बत्तीस पानांचं आहे. पहिल्या वेळी मी ते भराभर उलटलं होतं, कारण त्यात लढाई नाही. राणीला रोज एक म्हातारी दासी ताट आणून देते. एक दिवस ती येत नाही, दुसरीच येते आणि मान वर करत नाही. एवढ्यावरून राणी ओळखते की विजापुरात काहीतरी हललंय. त्या दिवशी ती आधी मांजरापुढं घास टाकते, थांबते, मग जेवते. एप्रिलात बिबड्या घालून झाल्या की दुपारी ओसरीत आमचं वाचन चालायचं. हे वाचताना सासूबाईंच्या हातातलं निवडायचं सूप तसंच राहिलं. त्या म्हणाल्या, "आते त्या पोऱ्यानं कसं व्हई?" त्यांना राणीपेक्षा विजापुरात एकट्या राहिलेल्या पोराची काळजी. मला वाटतं चांदबीबीलाही तीच असणार. पुढं सैन्य उठतं, इखलासखान तिला सोडवून आणतो, पण मग हबशी सरदारांत आपसातच जुंपते. एवढ्यातून जगलेला तो पोरगा पुढं १६२७ पर्यंत राज्य करतो, हे मला तिचं सगळ्यात मोठं यश वाटतं. नगरच्या भिंतीचं यश त्याच्यानंतरचं.

तिच्या आईचा धागाही छान विणलाय. चांदबीबीचं माहेर नगरची निजामशाही; तिची आई खुंजा हुमायून हिनंही मुलाच्या नावानं तिथला कारभार केला, आणि शेवटी त्याच मुलानं, मुर्तजानं, तिला कैदेत टाकलं. मुर्तजाला पुढं त्याच्या मुलानं मारलं, आणि तो मुलगाही वर्षभरात मारला गेला. अशा माहेरी चांदबीबी परत येते. १६०० मध्ये किल्ला टिकत नाही हे ओळखून ती तहाचं बोलू लागते तेव्हा 'बाई फितूर झाली' अशी ओरड होते आणि तिचेच लोक तिला मारतात. ते पान वाचून झाल्यावर आम्ही दोघी बराच वेळ काही बोललो नाही.

एक तक्रार मात्र मनापासून आहे. खानदेशचा फारुकी सुलतान राजा अलीखान याला लेखकानं दीड पानात 'मोगलांना मिळालेला' म्हणून निकालात काढलंय. मी अमळनेरची, तापीपलीकडं थाळनेरला फारुकींच्या कबरी बघत वाढले. जानेवारीत मुद्दाम बऱ्हाणपूरला जाऊन आले. तिथल्या जामा मशिदीत त्यानं कोरवून घेतलेला लेख अरबीबरोबर संस्कृतातही आहे. ज्यानं तो कोरवून घेतला त्याला नुसता फितूर म्हणून कसं चालेल? नगरच्या वेढ्यात तो मोगलांकडून उभा होता हे खरं, आणि १५९७ मध्ये सोनपेठला त्यांच्याच बाजूनं लढताना पडला. पण अकबर दाराशी आल्यावर लहान राज्यानं कसं जगायचं, हा चांदबीबीचाच प्रश्न त्याच्यापुढंही होता. त्यानं वेगळं उत्तर दिलं, पण त्याचं राज्यही टिकलं नाही: १६०१ च्या जानेवारीत त्यांचा असीरगड किल्ला गेला आणि फारुकी संपले. ही दोन माणसं एकमेकांसमोर उभी केली असती तर कादंबरी कितीतरी वर गेली असती.

आता पुस्तकाबद्दल. साडेपाचशे पानं, बांधणी शिवलेली नाही, चिकटवलेली. मार्चमध्येच दोन फर्मे सुटून हातात आले. किश्वरखानाचं नाव तीन तऱ्हांनी छापलंय. वंशावळ नाही, नकाशा नाही. खानांची एवढी गर्दी असताना ते हवंच होतं. मी शेवटच्या कोऱ्या पानावर पेन्सिलीनं वंशावळ काढली, मगच सासूबाईंना नाती समजावता आली. घेणार असाल तर तेवढं आधी करून घ्या, आणि विजापूरचा भाग घाईनं वाचू नका.

गेल्या आठवड्यात बाइंडरकडून शिवून आणली. सासूबाईंनी साताऱ्यापासून पुन्हा लावायला सांगितलंय.