बंद पडलेली ऑक्टाव्हिया आरएस स्वस्तात मिळतेय, घ्यावी का?

ठाणे-नवी मुंबईत स्कोडाची पहिल्या पिढीची ऑक्टाव्हिया आरएस बंद अवस्थेत विकायला आली, तर किंमत मोहात पाडते. 1.8 लिटर टर्बो, 20 व्हॉल्व्ह, 150 बीएचपी. धड असलेली गाडी आजही सुरेख पळते. पण ती बंद का पडली हे कळल्याशिवाय बयाणा देऊ नका.

टायमिंग बेल्ट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि पिस्टनची वेळ जुळवणारा पट्टा, तुटला असेल तर व्हॉल्व्ह पिस्टनवर आपटून वाकतात, हेड (इंजिनचा वरचा भाग) उतरवावंच लागतं. म्हणून स्टार्टर मारण्याआधी बेल्टवरचं कव्हर काढून बेल्ट बघा. शाबूत असेल तरच पान्याने क्रँकचे (इंजिनच्या मुख्य दांड्याचे) दोन पूर्ण फेरे फिरवा. अडकला की थांबा. मग चारही सिलिंडरचं कॉम्प्रेशन, म्हणजे आतला दाब, मोजून घ्या. 7 बारच्या खाली किंवा आपसात 3 बारपेक्षा जास्त फरक असेल, तर इंजिनकाम धरूनच भाव बोला. इग्निशन कॉइल, चिरलेले व्हॅक्यूम पाइप ही किरकोळ कामं.

पावसाळ्यात उघड्यावर उभी होती का? गालिचा उचलून खालचा फोम दाबा. दारांच्या आतल्या सीलमधून पाणी शिरतं, वायरिंग कुजतं. इंजिन बांधता येतं; कुजलेल्या वायरिंगची गाडी फुकटातही महाग.

15 वर्षं उलटून नोंदणीचं नूतनीकरण राहिलं असेल, तर ते विक्रेत्याकडूनच करून घ्या.