सेन्सर डिझेलचा, खोकं पेट्रोलचं

गॅरेजवाला म्हणाला, ‘एअर फ्लो सेन्सर गेलाय, बदलावा लागेल’, की कामाला हात लावू देण्याआधी दोन गोष्टी कबूल करून घ्या. गाडीतून निघालेला जुना सेन्सर (इंजिनात जाणारी हवा मोजतो तो) तुमच्या हातात द्यायचा आणि नव्या सेन्सरवर छापलेला नंबर बसवण्याआधी दाखवायचा. खोक्यावरचा नव्हे, सेन्सरच्या अंगावरचा. हे ऐकून समोरच्याचा चेहरा पडला तर चावी परत घ्या. हे मला आधी कुणी सांगितलं असतं तर ९,२०० रुपये खिशातच राहिले असते.

माझी गाडी २०१४ ची, १.३ लिटरची डिझेल. चिपळूणहून कराडला निघाले होते. कुंभार्ली घाटात पिकअप एकदम पडला. जिथे एरवी तिसऱ्यावर निवांत चढते तिथे दुसऱ्यावर घेतली तरी धापा टाकत होती आणि मागे एक ट्रक हॉर्नवर हात ठेवून. धूर नाही, आवाज नाही, फक्त जीव नाही. घाटमाथा आला तेव्हा डॅशबोर्डवर इंजिनाचा पिवळा दिवा लागलेला होता.

कराडच्या अलीकडे रस्त्यालगत एक बऱ्यापैकी मोठं गॅरेज दिसलं, तिथे थांबले. मालकाने स्कॅनर लावला, पी ०१०१ असा कोड आला. तो त्याने मला दाखवला, एवढं मात्र खरं. पुढचं सगळं त्याचं.

“मॅडम, सेन्सर उडालाय. असंच चालवलंत तर टर्बो बसेल, मग पन्नास हजारांचा खड्डा.” मी विचारात पडलेली बघून वर म्हणाला, “हवं तर मिस्टरांना विचारून घ्या.” आमचे मिस्टर सायकलसुद्धा ढकलतच नेतात, पण ते असो.

आता हा कोड काय सांगतो ते समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे. एअर फिल्टरच्या डब्यातून हवा पुढे जाते त्या नळकांड्यात हा सेन्सर बसवलेला असतो. त्याच्या आत एक अगदी बारीक, तापवलेला भाग असतो. वरून हवा गेली की तो निवतो, आणि त्याला तेवढाच गरम ठेवायला किती वीज लागली यावरून किती हवा आत गेली ते कळतं. डिझेल गाडीत ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, याच आकड्यावरून ठरवतो की धूर न होता जास्तीत जास्त किती डिझेल सोडायचं. सेन्सरवर धूळ-तेलाचा थर बसला की आकडा कमी दिसतो, ईसीयू हात आखडता घेतो आणि गाडी चढाला मरते. पी ०१०१ चा अर्थ एवढाच, की सेन्सरकडून येणारा आकडा पटण्यासारखा नाही. सेन्सर मेलाय असं तो म्हणत नाही. सेन्सर घाण असेल, पाइप कुठे सुटला असेल, फिल्टर चोंदला असेल, कनेक्टर सैल असेल, तरी हाच कोड येऊ शकतो. दोन स्क्रू काढून बघायचं काम. पण बघण्याचे पैसे किती मिळणार?

“आत गरम आहे मॅडम, ऑफिसात बसा,” असं म्हणून मला पंख्याखाली बसवलं. चहा आला. चंदेरी स्टिकर लावलेलं एक खोकं माझ्यासमोर टेबलावर ठेवलं गेलं आणि पोऱ्याने ते लगेच उचलून आत नेलं. बॉनेट ऑफिसच्या उलट बाजूला होतं, मला दिसायचा प्रश्नच नव्हता. अर्ध्या तासाने गाडी तयार, दिवा बंद. सेन्सर ७,८००, मजुरी ७००, स्कॅनिंग ७००. जुना पार्ट मागितला तर म्हणे स्क्रॅपमध्ये गेला. गॅरंटी विचारली तर “इलेक्ट्रिक पार्टला गॅरंटी नसते.” पक्कं बिल हवं तर जीएसटी वर लागेल. शेवटी गॅरेजच्या छापील पॅडवर हाताने लिहून दिलं. पैसे मी यूपीआयने दिले, तेवढा पुरावा राहिला. निघताना मालकाने रिकामं खोकं माझ्या हातात दिलं. “ठेवा मॅडम, तुमच्या पार्टचं खोकं, रेकॉर्डला.”

ते खोकं त्याने दिलं नसतं तर बहुधा मी हे लिहायला बसलेच नसते.

काही दिवस गाडी बरी वाटली. मग दिवा परत लागला, पिकअप परत पडला. कोड पुसला की दिवा जातो, पण दुखणं तिथेच असेल तर तो परत येणारच. माझा भाचा आयटीआयला डिझेल मेकॅनिक शिकतो. त्याच्याकडे ब्लूटूथवर चालणारा छोटा स्कॅनर आहे. लावला, पुन्हा तोच कोड. त्याने सेन्सर काढला, उलटसुलट बघितला आणि म्हणाला, “मावशी, हा नवीन आहे असं कोण म्हणालं?”

प्लास्टिकवर वरच्या बाजूने फडकं मारलेलं होतं, पण रबराच्या रिंगेखाली नखाने खरवडावी अशी काळी पुटं होती. हवा जाते त्या खिडकीच्या तोंडाशी कॉटन वेस्टचा (गॅरेजात पुसायला वापरतात त्या सुताच्या गुंत्याचा) पांढरा धागा अडकलेला, आणि आत कसल्याशा किड्याचा पंख. मग त्याने नंबर वाचला. सेन्सर बॉशचा होता. त्यांच्या डिझेलच्या पार्टचे नंबर साधारणपणे ० २८१ ने सुरू होतात, पेट्रोलचे ० २८० ने. सेन्सरवर ० २८१. मी घरातून खोकं आणलं, त्यावर ० २८०. म्हणजे ते खोकं कुठल्या तरी पेट्रोल गाडीच्या पार्टचं, आणि माझ्या गाडीत माझाच सेन्सर, तोंड पुसून परत बसवलेला.

साफ करायचं काम मग भाच्याने दारातच केलं. इंजिन थंड होतं, बॅटरीची निगेटिव्ह वायर काढलेली. कनेक्टर वायर धरून ओढायचा नसतो, त्याची खिटी दाबून सोडवायचा असतो. स्क्रू चांदणीच्या तोंडाचे असतात, साधा स्क्रूड्रायव्हर घातलात तर स्क्रूचं डोकं घासून बसाल. सेन्सर साफ करायचा खास स्प्रे मिळतो, तोच आणायचा. दुकानदार हमखास कार्ब्युरेटर क्लीनर पुढे करतो, तो नको. त्यातली द्रावणं प्लास्टिक आणि आतल्या नाजूक भागाला खातात. गंज सोडवायचा तेलकट स्प्रे त्याहून वाईट, त्याचा थर तसाच राहतो. सेन्सरची खिडकी खाली करून, स्प्रेची नळी आत न खुपसता, थोड्या अंतरावरून दहा-पंधरा फवारे मारायचे. ब्रश नाही, कापूस नाही, बोट तर नाहीच. कॉम्प्रेसरची हवाही मारायची नाही, आपला आपण वाळू द्यायचा. परत बसवताना हवेच्या दिशेचा बाण बघायचा आणि रबरी रिंग जागेवर आहे ना ते चाचपायचं.

पण भाचा तिथे थांबला नाही. सेन्सर एवढा घाण का झाला, म्हणून त्याने फिल्टरचा डबा उघडला. एक क्लिप तुटलेली, झाकण एका बाजूने उघडं. फिल्टरच्या पुढे, जिथे धुळीचा कण नको, तिथे लाल धुळीची रेघ. नुसता सेन्सर धुऊन चार महिन्यांनी पुन्हा हेच झालं असतं. गॅरेजवाल्याने खरोखर नवा बसवला असता तरी तोही घाणच झाला असता, कारण डबा त्याने उघडलेलाच नव्हता. क्लिप, फिल्टर आणि स्प्रे मिळून दीड हजाराच्या आत काम झालं. स्कॅनरवर हवेचा आकडा रेस वाढवू तसा चढायला लागला. पुढच्या फेरीला कुंभार्ली तिसऱ्यावर चढले.

सेन्सर खरंच मेलेला असतोही. साफ करून, पाइप तपासून, फिल्टर बदलूनही आकडा हलत नसेल तर बदलावाच लागतो. तेव्हा ऑनलाइन हजार-बाराशेला मिळणाऱ्या ‘ओरिजिनल’च्या नादी लागू नका. खोकं हुबेहूब छापणं सोपं आहे, हे मी आता पैसे मोजून सांगू शकते.

गॅरेजला फोन केला तर मालक म्हणाला, “असं होऊच शकत नाही.” मग मी गेलेच. सोबत खोकं, दोन्ही नंबरांचे फोटो, त्या धाग्याचा फोटो, पॅडवरचा हिशोब आणि यूपीआयची पावती. भाचा बरोबर यायला तयार होता, मुद्दाम नेला नाही. मिस्टरांनाही विचारलं नाही. मालकाला शांतपणे सांगितलं, की १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवते, आणि तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा ग्राहक आयोगात जाते. तिथे पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी लागत नाही, वकीलही सक्तीचा नाही, आणि दोन वर्षांची मुदत असते. त्याने आधी पोऱ्यावर ओरडून घेतलं, “तुला दुसरा बसवायला सांगितला होता ना!” पोऱ्या खाली बघत पाना पुसत राहिला. त्याचा यात काय दोष असणार.

सेन्सरचे ७,८०० त्याने तिथेच माझ्या फोनवर परत पाठवले. मजुरी आणि स्कॅनिंगचे चौदाशे ठेवून घेतले. का, विचारलं तर म्हणाला, “मॅडम, काढून परत बसवला ना.”