दहा महिने वापरून: अँप नाही, चार पेन्सिल सेल आहेत

झूम जी1 फोर या गिटारच्या पेडलचा (गिटारच्या आवाजावर इफेक्ट चढवणारी छोटी पेटी) हा अनुभव मी गेल्या जूनमध्येच लिहायला घेतला होता, चिडून. तेव्हाचं शीर्षक इथं देण्यासारखं नाही. अर्धवट राहिला ते बरंच झालं, कारण त्यातल्या शिव्यांपैकी निम्म्या मलाच लागू होत्या हे नंतर कळलं.

आम्ही सोलापुरात पूर्व भागात राहतो. भिंतीपलीकडं यंत्रमागाचा कारखाना. सकाळी सातपासून रात्री नऊपर्यंत खटखट-खटखट, आणि त्याबद्दल घरात कुणाची एका शब्दाची तक्रार नाही. पण मी गिटारचा दहा वॅटचा अँप (आवाज मोठा करणारी स्पीकरची पेटी) एकवर ठेवून एक कॉर्ड वाजवली की आतून आई, "ते टणटण बंद कर की रे, डोकं उठलं." त्यात गेलं वर्षभर पोरगी दहावीला. म्हणजे वाजवायचं ते रात्री दहानंतर, गच्चीवर, हेडफोन लावून. आणि गच्चीवर प्लग पॉइंट नाही. पुढचं सगळं रामायण या एका गोष्टीवर उभं आहे.

पहिली घेतलेली वस्तू म्हणजे गिटारच्या जॅकमध्ये थेट खोचायचा प्लग, म्हणजे हेडफोनपुरता छोटा अँप, काडेपेटीपेक्षा थोडा मोठा. कंपनीचं नाव लिहीत नाही. आवाज झकास होता. अकराव्या महिन्यात, ऐन मेमध्ये, चार मिनिटं चालून गप्प झाला. चार्जरला लावला की दिवा लागतो, काढला की मेला. वॉरंटी वर्षाची, म्हणून मी निवांत. सर्व्हिस सेंटर पुण्यात. बिलाचा फोटो पाठवा, खोक्यावरचा नंबर पाठवा, व्हिडिओ काढून पाठवा. सगळं पाठवलं. तेरा दिवसांनी उत्तर आलं की बॅटरी ही झिजणारी वस्तू, तिची वॉरंटी सहाच महिने. म्हटलं ठीक आहे, पैसे घ्या आणि बदलून द्या. तर बॅटरी सुटी मिळत नाही, अख्खा बोर्ड बदलावा लागेल, आणि त्याची किंमत नव्या वस्तूच्या पाऊणपट. कुरियरचा खर्च जाताना-येताना आमचाच. मी टॉवेलच्या कारखान्यात हिशेब लिहितो. पाऊणपट हा शब्द ऐकल्यावर मी फोन ठेवला, नाहीतर काहीतरी बोललो असतो.

त्या दिवशी ठरवलं, आता जे घेईन त्यातला सेल माझ्या हातानं निघाला पाहिजे आणि कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात मिळाला पाहिजे. आवाज, मॉडेलं (वेगवेगळ्या अँपच्या आवाजाच्या नकला), ब्लूटूथ, सगळं त्यानंतर.

ही एक अट लावली की बाजार पटकन रिकामा होतो. असेच खोचायचे अँप बघितले, फेंडरचा मस्टँग मायक्रो छान आहे, बॉसचा कताना-गो त्याहून छान असेल, पण दोघांची बॅटरी पोटात बंद. कंपनीच्याच सांगण्याप्रमाणे एक सहा तास चालतो, दुसरा पाच. बॉसचे वाझा-एअर हेडफोन बघितले, किंमत बघितली, पान मिटलं. व्हॉक्सचा अँपप्लग माझ्या अटीत बसत होता, दोन छोटे ट्रिपल-ए सेल घालायचे की झालं. पण त्यात डबीगणिक अँपची एकच जात, आणि मला लूपर (वाजवलेला तुकडा परत परत वाजवणारी सोय) हवा होता. मोबाइलला इंटरफेस (गिटार फोनला जोडायची डबी) जोडून फोनमधल्या ॲपवर वाजवायचाही प्रयोग केला. माझ्या अँड्रॉइडवर तार छेडल्यावर आवाज जरा उशिरानं यायचा, पाहुणा जेवायला येतो तसा.

शेवटी पुण्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या पोराकडून झूम जी1 फोर जुना घेतला, साडेचार हजाराला. सगळे स्पेक्स इथं लिहीत नाही. महत्त्वाचं एवढंच, की उलटा केला की पोटाखाली झाकण, आणि त्यात चार पेन्सिल सेल.

आता सेलबद्दल बोलतो. ज्यांना नुसत्या आवाजाशी मतलब आहे त्यांनी दोन परिच्छेद गाळा.

अल्कलाइन सेलवर 18 तास असा कंपनीचा दावा आहे. मी कधी मोजला नाही, कारण चार अल्कलाइन सेल वापरून फेकणं माझ्या स्वभावात नाही. रिचार्जेबल घेतले, चार्जरसकट अकराशेला. पहिल्या आठवड्यातच डोकं फिरलं. पूर्ण चार्ज करून घातले, तर तासाभरात पडद्यावरचं सेलचं चित्र निम्म्यावर. तिसऱ्या रात्री रिकामं. मी घाबरून काढायचो, परत चार्जिंगला लावायचो. हाच तो काळ, जेव्हा या लेखाचा पहिला खर्डा लिहिला. "झूमनंही फसवलं" असं त्यात एक वाक्य आहे.

फसवलं कुणी नव्हतं. नव्या अल्कलाइन सेलचा दाब दीड व्होल्ट, रिचार्जेबलचा सव्वापेक्षाही किंचित कमी, 1.2. पेडल दाब बघून अंदाज बांधतं, त्यामुळं भरलेला रिचार्जेबल त्याला निम्मा संपलेला अल्कलाइन वाटतो. सेटिंगमध्ये सेलचा प्रकार बदलायची सोय आहे, ती मी दीड महिन्यानं पाहिली. मॅन्युअल वाचलं असतं तर पहिल्याच दिवशी दिसली असती. तेव्हापासून स्वयंपाकघरातल्या कालनिर्णयवर चार्जिंगच्या दिवशी छोटा गोल करतो. रोज पाऊण तास धरला तर एका चार्जिंगला सोळा-सतरा दिवस जातात. बायकोला वाटायचं तो गोल पाण्याच्या पाळीचा आहे. एकदा त्या हिशेबानं तिनं सगळी पिंपं रिकामी करून घासून ठेवली. त्या दिवशी पाणी नव्हतं. तो विषय इथं नको.

आवाजाबद्दल थोडक्यात. मला पुरतो. फक्त नव्यानं घेणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवा, हेडफोनवर वाजवताना नुसतं डिस्टॉर्शन (आवाज फाटका करणारा इफेक्ट) लावू नका, त्याच्यानंतर अँपचं आणि कॅबिनेटचं, म्हणजे स्पीकरच्या पेटीचं, मॉडेल ठेवा. खऱ्या अँपमधला बारा इंची स्पीकर पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही सोडतच नाही, आणि हेडफोन मात्र वीस हजारापर्यंत सगळं कानात ओततो. ती चाळणी नसली की पत्र्याच्या डब्यात माशा कोंडल्यासारखं ऐकू येतं. माझा भाचा असंच ऐकून "मामा, हे बिघडलंय" म्हणाला होता.

खरा छळ जॅकनं केला. जी1 फोरला हेडफोनचं वेगळं छिद्र नाही. अँपला जायचं तेच मोठं, 6.35 मिलिमीटरचं. म्हणजे आपल्या साध्या हेडफोनला कन्व्हर्टर लागतो. इथंच सोलापुरात नवी पेठेत चाळीस रुपयाला मिळाला. लावला तर सगळा आवाज डाव्या कानात, उजवा कान मुका. मी हेडफोन बदलले, तेच. जुनी वस्तू, त्या पोरानं खराब गळ्यात मारली म्हणून त्याला फोन केला, जरा चढ्या आवाजात बोललो. तो बिचारा म्हणाला, "काका, कन्व्हर्टरच्या पिनेवर काळ्या रेघा किती आहेत बघा." एक होती. दोन पाहिजेत. एक रेघ म्हणजे मोनो, दोन म्हणजे स्टिरिओ. चाळीस रुपयांच्या पितळेच्या तुकड्यावर नखानं मोजावी लागणारी ती दुसरी रेघ नव्हती म्हणून मी तीन आठवडे एका कानानं वाजवलं आणि एका पोराला चोर ठरवलं. दुसरा कन्व्हर्टर ऐंशीचा घेतला. पहिल्या रात्री स्टिरिओ डिले (प्रतिध्वनीचा इफेक्ट) लावून नुसती एकच तार छेडत बसलो. आवाज डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं. पाणी पिऊन आलो, परत तेच.

तरी या जॅकवरचा राग गेलेला नाही. तो लांबोळका कन्व्हर्टर, त्यात हेडफोनची पिन, असा सगळा लोंबता भार त्या छिद्रावर येतो. पाय लागला की खर्र. माझ्या हिशेबानं हे पेडल उद्या गेलंच तर तिथूनच जाईल. आता कन्व्हर्टरला फूटभर लवचिक वायर असलेला प्रकार घेतलाय, तो जमिनीवर निवांत पडून राहतो. हे आधी कुणी सांगितलं असतं तर एकशेवीस रुपये वाचले असते.

ब्लूटूथ हेडफोन चालतील का असं विचारणाऱ्यांसाठी. पेडलमध्ये ब्लूटूथ नाहीच, पण मी बाहेरून ट्रान्समीटर लावून बघितला, मेव्हण्याचा होता. आवाज एका मिलिसेकंदात हवेतून साधारण 34 सेंटिमीटर जातो. म्हणजे दहा मिलिसेकंदांचा उशीर झाला तर अँप 3.4 मीटरवर ठेवल्यासारखं वाटतं, तेवढं हाताला चालतं. साध्या ब्लूटूथला सहज दोनशे मिलिसेकंद लागतात. म्हणजे मी आमच्या गच्चीवर वाजवतोय आणि अँप गल्लीच्या पार दुसऱ्या टोकाला, 68 मीटरवर. वायरच लावा.

गुणगुणीचं एक सांगायचं राहिलं. पावसाळ्यात गच्ची बंद, म्हणून खाली खोलीत अडॅप्टरवर वाजवून बघितलं. झूमला नऊ व्होल्ट लागतात आणि पिनेच्या आत ऋण, बाहेर धन. घरातल्या राउटरचा अडॅप्टर पिन बसते म्हणून घुसवू नका, मी हात वेळीच आवरला. योग्य अडॅप्टर लावूनही हम्म्म. जुनं घर, अर्थिंगचा पत्ता नाही, शेजारी मागांच्या मोटारी. सेल घातले तर निम्मी गुणगुण गेली. उरलेली माझ्या गिटारच्या सिंगल कॉइल पिकअपची (तारांचा आवाज पकडणारं वेटोळं), ती अंगाची आहे. खुर्ची फिरवत गेलो, तर देवघराकडं तोंड केल्यावर जवळजवळ शांत. आता तसाच बसतो. आईला वाटतं पोरगा सुधारला.

त्या मागांचा एक उपयोगही सापडला. संध्याकाळी फोनवर बोटानं टॅप करून मोजलं तर एक माग मिनिटाला बरोबर 128 ठोक्यांवर चालतो. झूममधल्या रिदमचा टेम्पो 128 ला लावला की भिंतीपलीकडचा माणूस आणि मी एका तालात. धोट्यातली सुताची कांडी संपून माग थांबला की माझाही सोलो थांबतो.

आता ज्यासाठी हे सगळं परत लिहायला बसलो ते. दहावीची परीक्षा संपली, पोरगीनं कपाट आवरायला काढलं आणि तो मेलेला प्लग हातात घेऊन आली. टाकून देऊ का? टाकायचं नाव काढल्यावर मी तो मोबाइल दुरुस्तीवाल्याकडं नेला. त्यानं चार स्क्रू काढले, झाकण उचललं आणि माझ्याकडं न बघताच म्हणाला, "मालक, सेल फुगलाय की. उन्हात ठेवलता का?"

मी नाही म्हणणार होतो. मग आठवलं. त्या मेमध्ये मित्राकडं वाजवायला जायचो म्हणून प्लग दिवसभर स्कूटरच्या डिकीत असायचा, कारखान्याच्या आवारात, पत्र्याच्या शेडखालीही नाही, उघड्यावर. सोलापूरचा मे. संध्याकाळी ती तापलेली डबी तशीच चार्जिंगला लावायचो. लिथियमचा सेल 45 अंशांच्या वर चार्ज करू नये म्हणतात, आणि डिकीत हात घातला तर पोळायचा.

त्यानं आतला सेल काढून शेजारी ठेवला. उशीसारखा गुबगुबीत झाला होता. त्याच मापाचा दुसरा बसवला, दोन वायरी डागल्या, अडीचशे रुपये. मी चहा पिऊन होईपर्यंत काम झालं. ज्याला पुण्यात पाऊणपट पैसे लागणार होते ते.

प्लग आता पोरीकडं आहे, तिला दोन कॉर्ड येतात. मी झूम सोडणार नाही. परवाच त्या प्लगच्या कंपनीचा मेसेज आला, तुमची तक्रार आम्ही निकाली काढली आहे, सेवेला किती तारे द्याल? मी एक दिला. मग डिकी आठवली, दोन केले.