पन्हाळा ते पावनखिंड: वाटेला पैकीच्या पैकी, गर्दीला नाही

हल्ली गाडी पावनखिंडीच्या अगदी जवळ पोचते. पण नुसतं तेवढंच बघून परतलात तर हाती लागतो एक ओढा, एक लोखंडी शिडी आणि एक फोटो. ही वाट पन्हाळ्यापासूनच चालावी. अंतर सुमारे ५० किलोमीटर, दोन दिवस लागतात. १२ जुलै १६६० च्या रात्री, सिद्दी जौहरचा वेढा चुकवून, महाराजांची पालखी खांद्यावर घेऊन मावळ्यांनी हेच अंतर एका दमात तोडलं होतं. रात्र आषाढी पौर्णिमेची खरी, पण त्या दिवसांत इथे चांदणं कुठलं!

पहिल्या दिवसाची खरी परीक्षा म्हणजे म्हाळुंग्याच्या पुढचं मसाई पठार. चढ फारसा नाही, जांभ्याचा सडा आणि गवत. घोळ होतो तो धुक्यात. गुरांच्या वाटांना फाटे फुटतात आणि सगळ्या सारख्याच दिसतात. दिशाफलकांवर विसंबू नका. मोबाइलमध्ये वाटेचा ट्रॅक आधीच उतरवून घ्या आणि मसाईच्या देवळापाशी शेवटचा माणूस येईपर्यंत थांबा. पठारावरून कुंभारवाडीकडची उतरण निसरडी आहे, गुडघे इथेच बोलायला लागतात. पुढे खोतवाडी, मांडलाईवाडी करत करपेवाडीच्या आसपास मुक्काम पडतो.

बुटांबाबत बहुतेकांचं चुकतं. उंच, जाड, ‘वॉटरप्रूफ’ बुटात वरून शिरलेलं पाणी बाहेर पडत नाही, मऊ झालेली कातडी आत घासते आणि दुसऱ्या दिवशी टाचेला फोड. पाणी टाकून देणारे हलके बूट घ्या, सोलला खोल खाचा हव्यात. मोजे सुती नकोत. कोरड्या मोज्यांचा एक जोड पिशवीत गुंडाळून फक्त मुक्कामासाठी ठेवा.

जंगलपट्ट्यात जळवा लागतात. ओढून काढू नका. तोंडाच्या बाजूने नख सरकवलं की सुटते. रक्त बराच वेळ वाहतं, कारण ती रक्त गोठू न देणारा पदार्थ सोडते. घाबरण्यासारखं काही नाही.

भाताच्या बांधावरून एका रांगेत, मधोमध चाला. कडेवर पाय दिला की बांध ढासळतो, खाचरातलं पाणी निघून जातं आणि लावणी धोक्यात येते. १२-१३ जुलैच्या आसपास मोठ्या तुकड्या निघतात, तेव्हा हे हमखास होतं. पायवाटेचाही राडा होतो, घोट्यापर्यंत पाय रुततो. या वाटेवर आमचा राग आहे तो एवढाच. तारखेचा हट्ट नसेल तर ऑगस्टअखेर जा, पाऊस असतो पण वाट मोकळी मिळते.

खिंडीत ओढ्याला लोंढा असेल तर शिडी उतरू नका, वरूनच बघा. बाजीप्रभू आणि फुलाजी या दोघा भावांच्या समाध्या विशाळगडावर आहेत, तो टप्पा वेगळा धरा. परतीची गाडी मात्र निघण्याआधीच ठरवा. भर पावसात संध्याकाळी खिंडीपाशी वाहन मिळेल या भरवशावर राहणारे अंधारात रस्त्यावर बसून राहतात.