लाल खडा खाणीतला की कारखान्यातला? भिंग, यूव्ही टॉर्च, टेस्टर पेन आणि डायक्रोस्कोप यांची पारख

सोन्यात जडवलेला लाल खडा नैसर्गिक आहे की कृत्रिम, हे घरबसल्या ओळखता येईल असं सांगून चार साधनं विकली जातात: १० पटीचं भिंग, यूव्ही टॉर्च, उष्णतेवर चालणारं टेस्टर पेन आणि डायक्रोस्कोप, म्हणजे खड्यातून येणाऱ्या प्रकाशाचे रंग दोन खिडक्यांत शेजारी-शेजारी दाखवणारी छोटी नळी. यातलं भिंगच तेवढं या प्रश्नाला उत्तर देतं. बाकीची तीन ‘हे माणिक आहे का’ इथपर्यंत नेऊन सोडतात. आणि मेख तिथेच आहे, कारण कृत्रिम माणिक हेही माणिकच असतं. तेच ॲल्युमिनियम ऑक्साइड, रंग देणारं तेच क्रोमियम, कठीणपणा तोच ९, घनता ४ च्या आसपास आणि वक्रीभवनांक १.७६२ ते १.७७०. नकली खडा म्हणजे लाल काच किंवा माणिक म्हणून खपवलेला गार्नेट. कृत्रिम म्हणजे कारखान्यात वाढवलेलं खरं माणिक. या दोन शब्दांची गल्लत झाली की चुकीचं यंत्र विकत घेतलं जातं.

भिंग घ्यायचं ते १० पटीचं ट्रिप्लेट. त्यात तीन काचा एकमेकींना चिकटवलेल्या असतात, म्हणून कडेच्या रेषा वाकत नाहीत आणि रंगांची झालर येत नाही. घेण्याआधी आलेख कागदावर धरून पाहा. चौकोन कडेपर्यंत सरळ दिसले आणि निळी-पिवळी किनार आली नाही, तर ते चांगलं. एकाच काचेचं स्वस्त भिंग इथेच नापास होतं. ‘३० पट’ असं कोरलेलं, २१ मिलिमीटर रुंद काचेचं भिंग दिसलं तर अंतर मोजा. खऱ्या ३० पटीच्या भिंगासमोर वस्तू जेमतेम ८ मिलिमीटरवर धरावी लागते. अडीच सेंटिमीटरवर स्पष्ट दिसत असेल तर ते १० पटीचंच, वर काहीही कोरलेलं असो. आणि खरंच ३० पटीचं निघालं तरी दागिन्याला ते कुचकामी, कारण इतक्या जवळून उजेड आत जातच नाही.

पाहण्याआधी खडा धुवायला हवा. कोमट पाणी, सौम्य साबण, मऊ ब्रश. आणि ब्रश फिरवायचा तो मुख्यतः मागच्या बाजूने, कारण मळ तिथेच साठतो. धुळीचा कण आतला डाग समजून निष्कर्ष काढण्याची चूक फार होते. शंका आली तर खडा किंचित तिरका करा: धूळ पृष्ठभागाबरोबर सरकते, आतला डाग निराळ्या गतीने सरकतो. भिंग डोळ्याला अगदी लागून धरायचं, दोन्ही हात एकमेकांना टेकवायचे आणि दागिना पुढे-मागे करत नजर खड्याच्या आत न्यायची. दिवा समोरून नको, बाजूने किंवा मागून हवा, आणि त्याच्यावर पांढरा पातळ कागद.

शोधायचं काय, तर वक्र रेषा. बाजारातलं बहुतेक कृत्रिम माणिक ज्वाला पद्धतीचं असतं. ही पद्धत फ्रेंच रसायनतज्ज्ञ ऑग्यूस्त व्हर्नई यांनी १९०२ मध्ये जाहीर केली. ऑक्सिजन-हायड्रोजनच्या ज्वालेतून ॲल्युमिनियम ऑक्साइडची पूड खाली पडते, वितळते आणि फिरत्या दांडीवर थरावर थर चढत जातो. अशा वाढत जाणाऱ्या माणकाच्या कांडीचा माथा घुमटासारखा असतो, म्हणून प्रत्येक थराची खूण कमानदार उमटते. भिंगाखाली त्या रेषा ग्रामोफोनच्या तबकडीवरच्या खाचांसारख्या दिसतात: एकमेकींना समांतर, बारीक, एकाच दिशेने वाकलेल्या. त्या टेबलातून, म्हणजे वरच्या सपाट पैलूतून, सहसा दिसत नाहीत. खडा पालथा करून तळाच्या पैलूंमधून, हळूहळू फिरवत पाहावं लागतं. योग्य कोन आला की क्षणभर दिसतात आणि पुन्हा हरवतात. घाई केली की हुकलंच. पॉलिशच्या ओरखड्यांना या रेषा समजू नका. ओरखडे पैलूच्या धारेशी थांबतात आणि पुढच्या पैलूवर दिशा बदलतात. वाढीच्या वक्र रेषा धारेची पर्वा न करता खालून पुढे जातात. नैसर्गिक माणकातही वाढीच्या रेषा असतात, पण त्या सरळ असतात आणि कोन करून वळतात, कमान करून कधीच नाही.

खड्याचा आकार २ मिलिमीटरच्या आसपास असेल तर मात्र भिंगही अडतं. एवढ्या छोट्या तुकड्यात कमानीचा इतका लहानसा भाग येतो की ती सरळच वाटते. तिथे बुडबुडे शोधावेत: गोल किंवा शेपटीसारखे लांबलेले, कडा गडद आणि मधोमध लख्ख ठिपका. पैलूंच्या धारांजवळ तुटक, आडव्या, बारीक भेगांची रांग दिसली तर तीही संशयाची खूण. कृत्रिम खडा स्वस्त, म्हणून त्याला घाईने पॉलिश करतात. पृष्ठभाग तापतो आणि चिरतो. एका हारातले चाळीस खडे रंगाने, मापाने आणि स्वच्छतेने तंतोतंत एकसारखे असले तर आमचं मत आधीच कृत्रिमकडे झुकतं. तरी तो पुरावा नव्हे.

नैसर्गिकतेची सर्वांत भरवशाची खूण म्हणजे रेशीम: रुटाइल या खनिजाच्या अतिसूक्ष्म सुया, एकमेकींना ६० आणि १२० अंशांत छेदणाऱ्या. प्रकाश तिरका पडला की त्या भुरकट चमकतात. मात्र बाजारातली बहुसंख्य नैसर्गिक माणकं तापवलेली असतात आणि जास्त तापमानात हे रेशीम विरघळतं. तेव्हा रेशीम दिसलं तर आनंद, नाही दिसलं तर काहीच सिद्ध होत नाही.

बोटांच्या ठशांसारखी जाळी दिसली की अनेक जण निर्धास्त होतात, आणि इथेच मोठी फसगत होते. कृत्रिम माणिक तापवून एकदम थंड करतात, त्याला भेगा पडतात, त्या भेगांत द्रावक, म्हणजे तापवल्यावर वितळणारं रसायन (फ्लक्स), भरतात. जाळी हुबेहूब नैसर्गिक दिसते. म्हणून जाळी सापडल्यावरही वक्र रेषांचा शोध थांबवायचा नाही. दोन्ही एकाच खड्यात असतील तर निकाल कृत्रिमचाच. वितळलेल्या द्रावकातून सावकाश वाढवलेल्या फ्लक्स माणकात वक्र रेषाच नसतात. पांढरट, वळ्या पडलेल्या पडद्यांसारखं द्रावक किंवा प्लॅटिनमचा चकचकीत चपटा कण दिसला तर भिंग पुरतं, नाहीतर प्रयोगशाळाच.

भिंग आणखी एक काम चोख करतं, ते म्हणजे शिशाची काच भरलेलं माणिक ओळखणं. खडा डोलवला की भेगांमधून निळी किंवा नारिंगी झळक मारते आणि काचेत चपटे बुडबुडे दिसतात. असा खडा सोनाराच्या आम्लात, अल्ट्रासॉनिक यंत्रात किंवा झाळणीच्या ज्वालेखाली कधीही जाऊ देऊ नका; काच खरवडली जाते आणि भेगा उघड्या पडतात. अगदी लिंबाचा रसही तिला पुरतो.

यूव्ही टॉर्च घ्यायचीच तर ३६५ नॅनोमीटरची, पुढे काळा फिल्टर असलेली. ३९५ची टॉर्च नको. तिचा जांभळा उजेडच इतका असतो की सगळंच लालसर भासतं. अंधाऱ्या खोलीत माणिक निखाऱ्यासारखं लाल पेटतं. ‘जोरात चमकलं म्हणजे अस्सल’ हा विक्रेत्यांचा दावा साफ चुकीचा आहे. म्यानमारच्या मोगोकचं माणिक जोरात चमकतं, ज्वाला पद्धतीचंही जोरात चमकतं. थायलंडचं लोहामुळे मंद राहतं आणि तरीही नैसर्गिकच असतं. टॉर्चचा खरा उपयोग रांगेतला परका शोधायला. दहा खडे पेटले आणि एक काळा राहिला, तर तो बहुधा गार्नेट आहे किंवा काच, दुरुस्तीत कधीतरी बदललेला.

टेस्टर पेन आम्ही या कामासाठी घेऊ नका असं सांगू. ते खड्याची उष्णतावाहकता मोजतं, आणि ती दोन्ही माणकांत सारखीच. काच लगेच बाजूला काढतं, एवढं मान्य. पण टोक सोन्याच्या कड्याला जरा टेकलं, खडा हातात धरून गरम झाला किंवा बॅटरी उतरली, की काटा भलतंच सांगतो.

डायक्रोस्कोप मात्र त्याच्या मर्यादेत प्रामाणिक आहे. दोन खिडक्यांत एकाच वेळी जांभळट लाल आणि नारिंगी लाल असे दोन रंग दिसले तर गार्नेट, स्पिनेल (माणकासारखं दिसणारं दुसरं लाल रत्न) आणि काच तिन्ही बाद. एका दिशेने पाहून एकच रंग दिसला म्हणून थांबू नका. माणकाच्या प्रकाशीय अक्षाच्या दिशेने पाहिलं तर त्यातही एकच दिसतो. दोन-तीन दिशांनी फिरवून पाहा.

दागिना शंभर वर्षं जुना असणं इथे कामी येत नाही. १९०२ नंतरच्या दागिन्यांत कृत्रिम माणिक सर्रास सापडतं, तेही उत्तम सोन्यात. सोन्यावरचा शिक्का फक्त सोन्याबद्दल बोलतो.

मागून बंद कोंदण आणि खड्याखाली डाक, म्हणजे रंग खुलवणारा चकचकीत पातळ पत्रा, असेल तर भिंगाचा निम्मा जोर जातो, कारण तळातून पाहताच येत नाही. रंगही बराचसा डाकेचाच असतो. अशा वेळी मोठ्या व्यवहाराआधी खडा कोंदणातून काढवून प्रयोगशाळेत द्यावा. तिथे गॅलियम, व्हॅनेडियम, लोह यांसारख्या सूक्ष्म मूलद्रव्यांचं प्रमाण मोजतात, आणि भिंगाने न सुटणारे फ्लक्स खडेही त्यावरून वेगळे काढता येतात. अहवालात नैसर्गिक की कृत्रिम याबरोबर तापवलेला आहे का आणि भेगांत काच आहे का, हे दोन्ही लिहून मागावं. खडा परत बसवताना सोनाराला तो अहवाल आधी वाचायला द्यावा, झाळणी नंतर.