जुनं ‘फॅक्टरी सील’ किट घेण्याआधी हे वाचा

श्रिंक रॅपची फिल्म रोलवर मिळते. खोकं त्यात गुंडाळायचं, कडा गरम तारेने चिकटवायच्या, जास्तीची फिल्म कापायची आणि वरून हीट गन फिरवायची. फिल्म आकसून खोक्याला घट्ट बसते आणि साठ वर्षांपूर्वीचं, मॉडेल कार जोडायचं किट ‘आजवर कुणी हात न लावलेलं’ होऊन जातं. काम काही मिनिटांचं. मॉडेल कारच्या प्रदर्शनांत एवढ्या कामावर काही जण चांगली कमाई करतात, आणि त्यांच्यापैकी एकाच्या गल्ल्यात माझेही पैसे गेले आहेत.

मी घेतलं ते एएमटी या अमेरिकन कंपनीचं १/२५ स्केलचं किट. गाडी १९६३ची शेव्हरोले इंपाला, आणि किटही त्याच वर्षीचं, मूळ आवृत्तीतलं, असं विकणाऱ्याचं म्हणणं. या छंदात नवीन असलेल्यांना वाटेल, हीच गाडी पुढे पुन्हा पुन्हा बाजारात आली, मग जुन्याच खोक्यासाठी एवढा जीव का टाकायचा? कारण साच्यात आहे. एएमटी १९४८ साली सुरू झाली ती डीलरांना शोरूममध्ये ठेवायला छोट्या गाड्या पुरवण्यासाठी. १९५८ पासून त्याच गाड्यांची जोडायची किट्स निघाली. एका खोक्यातून तीन प्रकार करता यायचे: कंपनीतून निघते तशी गाडी, कस्टम म्हणजे आवडीप्रमाणे रूप बदललेली, किंवा शर्यतीची. खरी गाडी दरवर्षी चेहरा बदलायची, मग किटचाही साचा तासून, भर घालून पुढच्या वर्षीच्या गाडीचा केला जायचा. सत्तरच्या दशकात तर काही साचे शर्यतीच्या ‘मॉडिफाइड’ स्टॉक कारसाठी कायमचे कापले गेले. म्हणून काही गाड्या मूळ रूपात परत निघूच शकत नाहीत, आणि ज्या निघतात त्यांच्यातही पहिल्या खोक्यातले सगळे कस्टमचे भाग असतीलच असं नाही. जुन्या खोक्याला भाव येतो तो यामुळे. नुसत्या आठवणींसाठी एवढे पैसे कुणी देत नाही.

मला ते कपाटात मिरवायचं नव्हतं, बांधायचं होतं. स्पर्धेत ‘आउट ऑफ द बॉक्स’ नावाचा गट असतो. खोक्यात जे निघालं तेच वापरायचं, बाहेरचं काही जोडायचं नाही. बहुतेक ठिकाणी इंजिनाला प्लगच्या वायरी लावल्या तरी मॉडेल गटाबाहेर जातं. किटचं सूचनापत्रक मॉडेलसोबत टेबलावर ठेवावं लागतं, म्हणजे परीक्षकांना पडताळून पाहता येतं. मूळ आवृत्तीचं किट, मूळ पत्रक आणि त्यातला कस्टम प्रकार, असं माझ्या डोक्यात होतं.

विक्रीची टेबलं स्पर्धेच्याच हॉलमध्ये होती. अशा प्रदर्शनांचं हे एक वैशिष्ट्य आहे आणि मला ते आवडतंही. एका बाजूला लोक वर्षभर खपून केलेल्या गाड्या मांडतात, दुसऱ्या बाजूला कुणी जुनी किट्स, सुटी चाकं, डिकल्स म्हणजे मॉडेलवर चिकटवायची छापील चित्रं, रेझिनच्या बॉडी विकत बसतो. ओळख नसली तरी गप्पा लगेच जुळतात. पेंट कुठला वापरला, क्रोम उतरवायला भाग फोडणीला, म्हणजे ब्लीचमध्ये, किती वेळ टाकले, असं सुरू होतं. ठगाला हीच हवा मानवते. माझ्या विक्रेत्याने टेबलावर स्वतः बांधलेली म्हणून एक गाडी ठेवली होती. तिचा रंग इतका सफाईदार होता की मी दहा मिनिटं फक्त बॉनेटकडे बघत उभा होतो. असं काम करणारा माणूस आपल्यातलाच, असं मनाने परस्पर ठरवून टाकलं. ती गाडी खरंच त्याने बांधलेली होती का, याबद्दल नंतर दोघा-तिघांनी मला वेगवेगळ्या गोष्टी सांगितल्या. ते सोडून देतो.

खोकं मी नीट पाहिलं. बारकोड नव्हता. दुकानात पहिला बारकोड स्कॅन झाला तो १९७४ साली, त्यामुळे साठच्या दशकातल्या खोक्यावर तो असण्याचा प्रश्नच नाही. पत्त्यात पाच आकडी झिप कोड नव्हता, आणि ही पद्धत अमेरिकेत १९६३च्या जुलैत आली. छपाईचे रंग, पुठ्ठ्याचा पिवळेपणा, कोपऱ्यांची झीज, सगळं जुन्याला शोभेल असंच होतं. हल्ली राउंड टूसारख्या कंपन्या जुन्या चित्रांची खोकी पुन्हा छापतात, तसलं हे नाही याची माझी खात्री पटली. ती खात्री बरोबरच होती. खोकं अस्सल होतं. या लबाडीची मेख तिथेच आहे, कारण रिकामी अस्सल खोकी वेगळी विकत मिळतात.

‘‘उघडून बघता येईल का?’’ मी विचारलं.

‘‘अहो साहेब, फिल्म फाडली की माल गेला. तुम्ही नाही घेतलंत तर पुढच्याला मी काय सांगू?’’

‘‘घेतलं आणि आत काही कमी निघालं तर?’’

‘‘कारखान्यातून निघालेलं आहे. मी तरी आत कुठे बघितलंय?’’

हे शेवटचं वाक्य तुम्हालाही ऐकू येईल, म्हणून लक्षात ठेवा. आतल्या मालाची जबाबदारी यात त्याने एका झटक्यात साठ वर्षांपूर्वीच्या कारखान्यावर ढकलली.

घरी ब्लेडने फिल्म कापली. झाकण उचललं तर बॉडी पारदर्शक पिशवीत, आणि पिशवीवर लहान मुलांपासून दूर ठेवण्याची सूचना छापलेली. १९६३च्या खोक्यात ही पिशवी कशी जाईल? बाकीचं बघायला तसं काही कारणच उरलं नव्हतं, तरी बघितलं. प्लास्टिक पांढरंशुभ्र आणि लवचीक. खोक्याच्या बाजूला चित्रात दाखवलेले कस्टमचे भाग गायब. क्रोमच्या स्प्रूवर, म्हणजे सुटे भाग ज्या प्लास्टिकच्या चौकटीला जोडलेले येतात तिच्यावर, भाग कमी. माल नंतरच्या कुठल्या तरी आवृत्तीचा होता, आणि तोही पूर्ण नव्हता.

पत्रकाने मात्र मला हसूच आलं. ती झेरॉक्स होती. मूळ कागदाच्या घड्यांच्या करड्या सावल्या तिच्यात छापून आल्या होत्या, आणि हा कागद दुमडला होता भलत्याच ठिकाणी. घडीची सावली एका जागी आणि घडी दुसरीकडे. झेरॉक्स काढणाऱ्याने निदान तेवढं तरी जुळवायचं!

मग टोपलीत टाकलेली फिल्म बाहेर काढून उजेडात धरली, आणि ज्या गोष्टी टेबलापाशी डोळ्यांसमोरून निसटल्या होत्या त्या दिसायला लागल्या. जुनी फिल्म वर्षानुवर्षं आकसत राहते, त्यामुळे खोक्याच्या कडा आत ओढल्या जातात आणि झाकण मधे किंचित दबतं. माझ्या खोक्याच्या झिजलेल्या कोपऱ्यांवरून फिल्म अगदी गुळगुळीत गेली होती. म्हणजे कोपरे आधी झिजले, फिल्म नंतर चढली. खोकं जन्मापासून फिल्मच्या आत असेल तर पुठ्ठा घासला कशाने गेला? एवढा एक प्रश्न सुचला तरी निम्मी ‘सीलबंद’ किट्स टेबलावरच राहतील. दुसरं, फिल्मवर दुकानाचं जुनं किमतीचं लेबल होतं आणि खरं म्हणजे त्यानेच माझा विश्वास बसला होता. पण इतकी वर्षं चिकटून असलेल्या लेबलाच्या कडेने डिंकावर धूळ बसून काळपट रेघ तयार होते. इथे लेबल मळकं आणि भोवतीची फिल्म लखलखीत. लेबल कुठल्या तरी दुसऱ्या खोक्यावरून अलगद उचलून इथे आणलं होतं. आणि त्या काळातलं प्रत्येक किट फिल्म चढवूनच कारखान्यातून निघत होतं असंही नाही, त्यामुळे ‘सील आहे म्हणजे मूळ आहे’ हा हिशोबच मुळात कच्चा आहे.

आतलं खरंच जुनं असतं तर कसं दिसलं असतं हेही सांगून ठेवतो, कारण उघड्या खोक्यांच्या बाबतीत ते उपयोगी पडतं. जुन्या किटमधले व्हिनाइलचे टायर प्लास्टिकला टेकून राहिले तर टायरमधलं रसायन प्लास्टिकमध्ये उतरतं आणि तिथे वितळल्यासारखा खड्डा पडतो. डिकलचा कागद पिवळा पडतो. पारदर्शक काचांवर बारीक ओरखडे येतात. म्हणजे थोडी खराबी ही वयाची खूण असते. डीलरसाठीच्या जुन्या तयार गाड्यांचंही तसंच. पन्नासच्या दशकातल्या त्या गाड्या अॅसिटेटच्या असत आणि अॅसिटेट वाकतं. कुणी त्या काळातली सरळसोट, छप्पर न वाकलेली गाडी दाखवली तर आधी खाली वाकून चाकं चारही टेकतात का ते बघा, आणि सगळं फारच छान असेल तर जरा जास्तच बघा. किटच्या चॅसीच्या खालच्या बाजूला कोरलेला मजकूरही वाचावा. कंपन्यांची मालकी बदलली की साच्यावरची नावं बऱ्याचदा बदलतात. एएमटी पुढे अर्टल या दुसऱ्या कंपनीकडे गेली. चॅसीवर अर्टलचं नाव आणि खोक्यावर १९६३, असा संसार होऊ शकत नाही.

विक्रेत्याला फोन लावला. त्याने शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, ‘‘सील तुम्ही तोडलंत ना? मग आतलं तुम्हीच बदललं नाही, हे मी कशावरून मानायचं?’’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आणि कुणाकडेच नसणार. हा सौदा असा रचलेला आहे की फसवणूक सिद्ध करायला सील तोडावं लागतं आणि सील तोडलं की पुरावा संपतो. फोटो पाठवले, ते त्याने पाहिले आणि उत्तर दिलं नाही. दुसऱ्या नंबरवरून फोन केला तर आवाज ओळखून ठेवला.

मग आयोजकांकडे गेलो. माणसं सज्जन होती. त्यांनी टेबलांची यादी काढली तेव्हा कळलं की टेबल तिसऱ्याच कुणाच्या नावावर होतं, आणि त्या तिसऱ्याने आपली अर्धी जागा ‘एका ओळखीच्याला’ दिली होती. विक्रीचा व्यवहार घेणाऱ्या-देणाऱ्यातला, त्यात आयोजक पडत नाहीत, असं नियमावलीत स्पष्ट लिहिलेलं. त्याच नियमावलीत स्पर्धेसाठी मात्र पानंच्या पानं आहेत. मॉडेल स्वतः बांधलेलं हवं, गट कुठला, सोबत काय ठेवायचं. परीक्षक टॉर्च मारून बघतात की आउट ऑफ द बॉक्सवाल्याने एखादी तार तर जोडली नाही ना. आणि त्याच छताखाली विकणारा अख्खं किट बदलून विकतो, तिकडे टॉर्च वळत नाही. मला याचा राग फसलेल्या पैशांपेक्षा जास्त आला.

हे सगळं चारचौघांत बोलायला लागल्यावर इतरांचे अनुभव बाहेर आले. सगळ्यांत जास्त रेझिनच्या बॉडीचे. ज्या गाड्यांचं किट मिळत नाही त्यांच्या बॉडी काही कसबी माणसं स्वतः मास्टर, म्हणजे मूळ नमुना, तयार करून रेझिनमध्ये ओततात. ते काम मोलाचं आहे आणि त्यांना पैसे मिळायलाच हवेत. पण त्यांचीच बॉडी विकत घेऊन तिच्यावरून साचा काढणारेही आहेत. रेझिन घट्ट होताना थोडं आकसतं, त्यामुळे नकलेची नक्कल मूळ बॉडीपेक्षा लहान निघते. किटची काच बसत नाही, चॅसी आत जात नाही, दाराच्या रेघा बुजलेल्या, कडांना हवेचे बुडबुडे. विकत घेणाऱ्याला वाटतं आपलंच तासकाम चुकलं, म्हणून तो आठवडाभर काच घासत बसतो. शक्य असेल तर त्या गाडीच्या किटची काच किंवा चॅसी खिशात घेऊन जा आणि टेबलावरच बॉडीत लावून बघा. प्रामाणिक कास्टर याला कधीच हरकत घेत नाही, उलट त्याला बरं वाटतं.

सीलबंद किटसाठी माझा आताचा रिवाज असा आहे की पैसे देण्याआधी विक्रेत्यासमोर, त्याच्याच टेबलावर फिल्म कापायची, आणि हे मोबाइलवर सलग चित्रीत करायचं, मधे कट नाही. माल सांगितल्यासारखा निघाला तर ठरलेली पूर्ण किंमत मी देतो, सील तुटलं म्हणून घासाघीस करत नाही. या अटीला तयार होणारे विक्रेते आहेत, आणि त्यांच्याकडून घेतलेल्या किट्समध्ये मला अजून तरी तक्रारीला जागा मिळालेली नाही. तयार न होणारा प्रत्येक जण चोर असतो असं नाही. काहींना खरंच सील जपायचं असतं, संग्राहक गिऱ्हाईक तेच मागतं. अशांकडून निदान कागदावर लिहून घ्यावं: किटचं नाव, आवृत्तीचं वर्ष, आतला माल मूळ आणि पूर्ण असल्याचा शब्द, विकणाऱ्याचं नाव, टेबल क्रमांक. जो साठ वर्षांपूर्वीच्या कारखान्याची हमी तोंडी देतो आणि दोन ओळी लिहायला पेन शोधत राहतो, त्याच्या टेबलापाशी थांबण्यात अर्थ नाही.

माझ्या इंपालाचा आउट ऑफ द बॉक्स गटाशी संबंध संपला. बॉडी ठीक होती, म्हणून ती दुसऱ्या एका अर्धवट किटच्या चॅसीवर चढवून कस्टम गटात लावायचा विचार आहे. तिथे कुठलाही भाग कुठूनही आणलेला चालतो.

आयोजकांनी पुढच्या प्रदर्शनाच्या अर्जात एक ओळ वाढवली: टेबल ज्याच्या नावावर, त्यानेच तिथे विक्रीला बसायचं. सीलबंद मालाबद्दल त्यात अजून एक अक्षर नाही. तो विक्रेता, ऐकतोय, दुसऱ्या प्रदर्शनांत बसतो, आणि बॉनेट चमकणारी ती गाडी टेबलावर पुढे ठेवलेली असते.